युरोपचा इतिहास, आमच्या मॅडम आणि फीडबॅक फॉर्म

पिंपळपान (सोमवार, रात्री ९:१०)

नमस्कार मंडळी. मी इतिहास घेऊन एसवायबीए करतेय, तालुक्याच्या गावी कॉलेज आहे. आम्हाला 'आधुनिक युरोपचा इतिहास' असा पेपर आहे, प्रबोधनापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत. शुक्रवारपर्यंत प्राध्यापकांचा फीडबॅक फॉर्म भरायचाय आणि हा पेपर शिकवणाऱ्या मॅडमवरून वर्गात सरळ दोन तट पडलेत.

तक्रार करणाऱ्यांचं म्हणणं असं की मॅडम नोट्स सांगत नाहीत. फ्रेंच राज्यक्रांतीवर त्यांनी इतके तास घेतले की इटलीचं एकीकरण घाईघाईत उरकलं, जर्मनीचा बिस्मार्क अर्ध्यावर आहे, रशियन राज्यक्रांती आणि दोन्ही महायुद्धं बाकी आहेत. परीक्षा तोंडावर आलीय आणि पेपरात 'टिपा लिहा' नाहीतर 'कारणे व परिणाम सविस्तर लिहा' असंच येतं.

मला मात्र त्यांचा तास आवडतो. एक तास सांगते. १७८९ मध्ये सोळाव्या लुईने इस्टेट्स जनरल (धर्मगुरू, सरदार आणि सामान्य लोक यांच्या प्रतिनिधींची सभा) बोलावली, तेव्हा गावोगावच्या लोकांना आपली गाऱ्हाणी लिहून पाठवायला सांगितलं होतं. त्या तक्रारवह्यांमधली काही पानं मॅडमनी वर्गात वाटली. मिठावरचा कर, सरदाराच्याच गिरणीत दळण आणायची सक्ती, वेठबिगार. आणि एका पानावर कबुतरं! सरदाराची कबुतरं पेरलेलं बी टिपतात, ससे उभं पीक खातात, पण शिकारीचा हक्क सरदाराचा, शेतकऱ्याने हात लावायचा नाही. मागच्या बाकावरचा एक मुलगा, वर्षभर तोंड न उघडलेला, एकदम म्हणाला, "मॅडम, आमच्याकडं रानडुकरांचं असंच हाय. पंचनामा होईस्तोवर भुईमूग संपतो." मॅडमनी पुस्तक मिटलं आणि सगळ्यांना विचारलं, तुमच्या गावाने अशी वही लिहायची ठरवली तर पहिली ओळ काय असेल? पुढचा अख्खा तास पोरं बोलत होती.

आता फॉर्ममध्ये पहिलाच प्रश्न आहे, 'अध्यापकांनी अभ्यासक्रम वेळेत पूर्ण केला का?' आणि १ ते ५ गुण द्यायचेत. मी काय लिहू?

चिंच_आणि_गूळ (रात्री ९:२२)

कबुतरांवरून राज्यक्रांती! दादरकरांना हा धागा दाखवायलाच हवा.

अभ्यासिका_कोपरा (रात्री ९:४१)

मी दुसऱ्या तटातला. तुमच्या कॉलेजचा नाही, पण असेच एक सर मला होते. तास ऐकताना भारावून जायचो आणि पेपर हातात पडला की घाम फुटायचा. शेवटची दोन युनिटं आम्ही गाईडवरून पाठ केली. ज्यांच्याकडे क्लासचे पैसे होते त्यांचं निभावलं, बाकीचे एटीकेटीत अडकले.

यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत २०१३ पासून सामान्य अध्ययनाच्या पहिल्या पेपरात जगाचा इतिहास आहे. औद्योगिक क्रांती, महायुद्धं, सीमांची फेरआखणी, वसाहतवाद, साम्यवाद. यातलं बरंचसं तुमच्या मॅडमच्या 'उरलेल्या' भागात पडतं. ज्या मुलीला घरून एवढंच ऐकायला मिळतं की पदवी संपव आणि परीक्षेला बस, तिला कबुतरांचा तास परवडत नाही. मॅडम चांगल्या असतील, मी नाही म्हणत नाही. पण पेपरवर जेवढं छापलंय तेवढं शिकवणं हे शिक्षकाचं देणं आहे. मी १ दिला असता.

जुना_मास्तर (रात्री १०:१५)

पिंपळपान, आयुष्यभर हाच पेपर शिकवून निवृत्त झालो, म्हणून थोडं लांबड लावतो.

तुमच्या मॅडमना त्या कबुतरांचा शेवटही सांगायला सांग. ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री राष्ट्रीय सभेत सरदारांचे विशेष हक्क सोडून देण्याची चढाओढ लागली. त्यानंतरच्या आठवड्यात जो हुकूम तयार झाला, त्याच्या दुसऱ्या कलमात कबुतरखाने बाळगण्याचा सरदारांचा खास हक्क रद्द केलाय आणि तिसऱ्यात शिकारीचा. पहिल्या कलमात सरंजामशाही आणि लगेच दुसऱ्यात कबुतरं! ज्याने ती गाऱ्हाणी वाचलीत त्यालाच कळतं की हे कलम इतक्या वर का आलं. 'राज्यक्रांतीची कारणे: १) सामाजिक विषमता' असं पाठ करणाऱ्या मुलाला ते कळणार नाही.

अभ्यासिका_कोपरा, तुमचं दुखणं मी ओळखतो. पण साडेचारशे-पाचशे वर्षं, डझनभर देश, एका वर्षात शिकवायची. सगळं 'पूर्ण' करणारा शिक्षक युरोपातल्या प्रत्येक स्टेशनावरून गाडी न थांबवता नेतो, पोरांना फलाटावरच्या पाट्या तेवढ्या दिसतात. मीही कित्येक वर्षं तसाच शिकवत होतो, कारण विद्यापीठाची प्रश्नपत्रिका बाहेरून यायची.

तासिका_तत्त्व (रात्री १०:५०)

मी सध्या सीएचबीवर, म्हणजे तासागणिक मानधनावर (तासिका तत्त्वावर) शिकवते, हाच विषय. पिंपळपान, तुझ्या मॅडम कायम आहेत की तासिका तत्त्वावर? कारण तासिका तत्त्वावर असतील तर त्या फॉर्मला फार वेगळा अर्थ येतो. आमची नेमणूक दर वर्षी नव्याने होते. फीडबॅकमधला एक आकडा मुलाखतीच्या टेबलावर येतो. त्याच्यामागची कबुतरं येत नाहीत.

आणि त्या पानांच्या झेरॉक्स कुणी काढल्या ते विचार. बहुतेक त्यांनीच, स्वतःच्या पैशातून.

अभ्यासक्रम का उरतो याबद्दलही बोलायला हवं. प्रवेश लांबतात, तास उशिरा सुरू होतात, मध्ये युवा महोत्सव, एनएसएसचं शिबिर, निवडणुकीची ड्युटी, मग अंतर्गत परीक्षा. कागदावरचे तास आणि प्रत्यक्ष मिळालेले तास यात फार अंतर असतं. हे गणित कुठल्याच फॉर्मात विचारत नाहीत.

पिंपळपान (रात्री ११:०५)

@तासिका_तत्त्व, हो, सीएचबीवरच आहेत. झेरॉक्सचं लक्षातच आलं नव्हतं. आमच्यात कुणी एक रुपया दिलेला नाही.

अजून एक सांगायचं राहिलं, आणि ही तक्रार मलाही पटते. पानं इंग्रजीत असतात. मॅडम वाचून मराठीत सांगतात तेव्हा सगळं समजतं, पण घरी गेल्यावर त्या कागदाकडे नुसतं बघत बसायचं. आमच्यातले बहुतेक मराठी माध्यमाचे आहेत.

हडसनकाठ (मंगळवार, सकाळी ६:३०)

मी न्यू जर्सीत राहते. इथल्या एका सरकारी विद्यापीठात पीएचडी करताना युरोपच्या सर्व्हे कोर्सला (सगळा इतिहास धावता शिकवणारा कोर्स) टीए, म्हणजे प्रोफेसरांची मदतनीस शिक्षिका होते. मोठ्या हॉलमध्ये प्रोफेसरांचं लेक्चर, मग शुक्रवारी वीस-पंचवीस जणांच्या तुकड्या आमच्याकडे चर्चेला. मुलांची मतं ऐकाल तर थक्क व्हाल, शब्दन् शब्द तुमच्यासारखीच: 'वाचायला फार देतात', 'परीक्षेत काय येणार ते सांगत नाहीत', 'शीतयुद्धापर्यंत पोचलोच नाही'. तेव्हा पिंपळपान, हा प्रश्न तुझ्या कॉलेजचा किंवा तुझ्या मॅडमचा नाही, या कोर्सच्या घडणीतच तो आहे.

या प्रकारच्या कोर्सचा स्वतःचाही इतिहास आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने सैन्यात जाणाऱ्या विद्यार्थ्यांना 'आपण कशासाठी लढतोय' हे शिकवायला वर्ग काढले. युद्ध संपल्यावर १९१९ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने त्यातूनच पहिल्या वर्षाच्या सर्वांसाठी एक सक्तीचा अभ्यासक्रम केला. 'पाश्चात्य संस्कृती' नावाचे कोर्स मग देशभर पसरले. तरुणांना झटपट एक सलग गोष्ट सांगायची, ग्रीसपासून थेट आपल्यापर्यंत, हा हेतू पहिल्यापासूनचा. त्या सलग गोष्टीत न बसणारं सगळं गळतं.

उदाहरण देते. फ्रेंच राज्यक्रांतीचे इतके तास झाले म्हणतेस, त्यात हैती आलं का? फ्रान्सच्या सर्वांत श्रीमंत वसाहतीत, सॅं-दोमिंगमध्ये (आजचं हैती), १७९१ मध्ये गुलामांनी उठाव केला. १७९४ मध्ये पॅरिसच्या सभेने गुलामगिरी रद्द केली. १८०२ मध्ये नेपोलियनने ती परत आणली. आणि १ जानेवारी १८०४ ला हैती स्वतंत्र झालं. स्वातंत्र्य-समता-बंधुता कुणासाठी, हा प्रश्न तिथे उसाच्या मळ्यात विचारला गेला. आमच्या प्रोफेसरांनी त्यासाठी बिस्मार्कचा एक तास कापला होता आणि फीडबॅकमध्ये त्याबद्दल बोलणी खाल्ली.

परखड_पंत (सकाळी ८:१२)

मुळात विचारतो, कुणाला राग आला तर येवो. तालुक्याच्या कॉलेजात युरोप कशाला? सातवाहन, यादव, शिवकाल, पेशवाई, सत्यशोधक चळवळ, संयुक्त महाराष्ट्र, हे सगळं धड शिकवून होत नाही. ऑस्ट्रियाचा चॅन्सलर मेटरनिख कुठे जन्मला हे कळून सांगोल्याच्या पोराचं काय भलं होणार? एक पेपर वाचेल.

वसईचा_वारा (सकाळी ८:३०)

पंत, आमच्या दारात या. वसईचा किल्ला १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांना मिळाला आणि १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी घेतला. तिथल्या चर्चच्या घंटा आज आपल्या देवळांत वाजतात, भीमाशंकरला एक लटकलेली आहे, बघून या. नाशिकची नारोशंकराची घंटाही तिथलीच. पोर्तुगाल कोण, तो इतक्या लांब का आला, हे न शिकता शिवकाल आणि पेशवाई तरी कशी शिकवणार?

मुंबईचंही तसंच. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने पोर्तुगालच्या कॅथरीनशी लग्न ठरवलं, १६६१ च्या करारात बेट आंदणात गेलं, १६६८ मध्ये राजाने ते वर्षाला १० पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकलं.

गिरणगाव (सकाळी ९:०५)

+१. माझे आजोबा लालबागच्या गिरणीत होते. मॅंचेस्टर शिकल्याशिवाय लालबाग समजत नाही. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लॅंकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत पैसा वाहिला आणि युद्ध संपताच १८६५ मध्ये कित्येक पेढ्या, बॅंका बुडाल्या. 'औद्योगिक क्रांतीचे परिणाम' या प्रश्नाच्या उत्तरात हे एका ओळीनेही नसतं. मला बीएला कुणी सांगितलं असतं तर मी तो विषय सोडला नसता.

माणगावकर (सकाळी ९:४०)

पंतांसाठी अजून एक. आमच्या रायगडातल्या माणगावात नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. जुलै १९४४ मध्ये इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्यांची तुकडी पडली तरी एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले आणि तिथेच धारातीर्थी पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये सेनियो नदीवर नगर जिल्ह्याच्या नामदेव जाधवांना मिळाला. दोघेही मराठा लाइट इन्फंट्रीचे. इटलीत ते कुणाविरुद्ध लढत होते, मुसोलिनी १९४३ मध्येच पडला तरी लढाई का चालू राहिली, हे माणगावच्या पोराला समजायला नको?

आणि त्याच्या आधीच्या युद्धात इराकमधल्या कूतच्या वेढ्यात मराठा पलटणी अडकल्या होत्या, डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६. रायगड, रत्नागिरी, साताऱ्यातल्या किती घरांत अजून ती नावं निघतात.

कोल्हापुरी_रस्सा (सकाळी १०:२०)

आमचं वळिवडं विसरला काय! १९४३ ते ४८ कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती, सुमारे पाच हजार माणसं. बायका-पोरंच जास्त. त्यांची शाळा होती, चर्च होतं, थिएटर होतं. छावणीत वाढलेली मंडळी म्हातारपणी इथं परत येऊन गेली.

आता मॅडमना सांगा, दुसरं महायुद्ध इथनं सुरू करा. ही माणसं कोल्हापुरात आली कशी? ऑगस्ट १९३९ मध्ये हिटलर आणि स्टालिनचा करार झाला, १ सप्टेंबरला पश्चिमेकडनं जर्मनी आणि १७ ला पूर्वेकडनं रशिया पोलंडमध्ये घुसला. पूर्वेच्या लाखो लोकांना रशियाने उचलून सायबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकलं. १९४१ मध्ये जर्मनीने रशियावरच हल्ला केला तेव्हा त्यांची सुटका झाली, मग इराणमार्गे हिंदुस्थान. निम्मं महायुद्ध एका छावणीत शिकवून होतंय की. पंचगंगेच्या काठावर.

चिंच_आणि_गूळ (सकाळी १०:३१)

पंत सांगोल्यात गप्प बसलेले दिसतात.

परखड_पंत (सकाळी १०:५०)

गप्प नाही, वाचतोय. वळिवड्याचं मला खरंच ठाऊक नव्हतं. पण माझा मुद्दा उलट पक्का झाला: हे सगळं तुम्ही इथे सांगताय, पेपरात यातलं काही नाही. पेपरात मेटरनिखच आहे.

जुना_मास्तर (सकाळी ११:१५)

पंत, इथे आपण दोघे एकाच बाजूचे. मेटरनिख तसाच शिकवला तर मलाही नको. पण बघा, मेटरनिखच्या पोलादी व्यवस्थेविरुद्ध १८३१ मध्ये मॅझिनीने 'तरुण इटली' काढली. सावरकरांनी लंडनहून मॅझिनीचं चरित्र मराठीत आणलं, १९०७ मध्ये ते छापलं गेलं आणि सरकारने बंदी घातली. १९०४ मध्येच त्यांच्या मित्रमेळा या संघटनेचं नाव 'अभिनव भारत' झालं होतं, ते याच इटालियन संस्थेवरून. आणि जोतीराव फुले तरुणपणी टॉमस पेनचं 'राइट्स ऑफ मॅन' वाचत होते, जे १७९१ मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीच्या बाजूने लिहिलं गेलं. तुमच्या सत्यशोधक चळवळीच्या मुळाशीच १७८९ आहे. युरोपचा पेपर काढून टाकलात तर महाराष्ट्राच्या पेपरातली पानं फाटतील.

संविधान_वाचक (दुपारी १२:४०)

मास्तर, एक भर घालतो, कारण इथे नेहमी गल्लत होते. स्वातंत्र्य, समता, बंधुता हे बाबासाहेबांनी फ्रेंच राज्यक्रांतीतून घेतलं असं वर्गात सर्रास सांगतात. ऑक्टोबर १९५४ मधल्या आकाशवाणीवरच्या भाषणात त्यांनी स्वतःच स्पष्ट सांगितलंय की ही तत्त्वं आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाहीत, बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली आहेत. तेव्हा सगळं मूळ पॅरिसला नेऊन बांधू नये. मॅडमनी हे भाषण आणि १७८९ चा फ्रेंच मानवी हक्कांचा जाहीरनामा शेजारी ठेवून वाचून घेतलं तर काय तास होईल!

जुना_मास्तर (दुपारी १२:५५)

अगदी मान्य. आणि कल्पना उत्तम आहे.

अभ्यासिका_कोपरा (दुपारी २:१०)

सगळे मिळून इतकं छान लिहिताय की मूळ मुलगी बाजूला पडली. पिंपळपानला परीक्षेत १५ गुणांच्या प्रश्नाचं उत्तर लिहायचंय. एक प्रत्यक्षातली अडचण सांगतो. १४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टॅंटिनोपल घेतलं, व्यापारी मार्ग बंद झाले, म्हणून युरोपियनांनी सागरी मार्ग शोधले. प्रत्येक गाईडमध्ये आहे, उत्तरतालिकेत आहे. आमच्या सरांनी आख्खा तास घेऊन 'हे खरं नाही' असं शिकवलं. मग परीक्षेत लिहायचं काय? तपासणारा दुसऱ्याच कॉलेजचा असतो. एका मैत्रिणीने सरांचं म्हणणं लिहिलं आणि तिला त्या प्रश्नात सगळ्यांत कमी गुण पडले.

मांडवीतीर (दुपारी ३:००)

गोव्याहून लिहिते, हा आमच्या घरचाच विषय. तुमच्या सरांचं बरोबर होतं. पोर्तुगीजांनी आफ्रिकेच्या काठावर पहिलं पाऊल टाकलं १४१५ मध्ये, सेउता घेऊन. म्हणजे १४५३ च्या जवळजवळ चाळीस वर्षं आधी. आणि मिरी काही कॉन्स्टॅंटिनोपलवरून फारशी येतच नव्हती, ती तांबड्या समुद्रातून अलेक्झांड्रियाला आणि तिथून व्हेनिसला जायची. इजिप्त तुर्कांनी घेतलं १५१७ मध्ये, तोवर गामा कालिकतला येऊन १९ वर्षं उलटली होती आणि आल्बुकेर्कने गोवा घेऊन सात. मार्ग बंद झाला म्हणून नव्हे, व्हेनिसवाल्यांच्या हातातला नफा आपल्याला हवा म्हणून ही मंडळी निघाली. सोबत धर्मयुद्धाची खुमखुमी होतीच.

परीक्षेसाठी युक्ती: पहिल्या परिच्छेदात गाईडचं कारण लिहायचं, 'असे परंपरेने मानले जाते' म्हणून. दुसऱ्यात १४१५ आणि १५१७ ही दोनच सालं घालून त्याची मर्यादा दाखवायची. तपासणाऱ्याला त्याचा मुद्दाही सापडतो आणि गुण कापायला जागा राहत नाही. मी पदवीला असंच लिहिलं.

अवांतर: आमच्या बाईंनी अठराव्या शतकातल्या ज्ञानोदयाचा (एनलाइटनमेंट) भाग लिस्बनच्या भूकंपापासून सुरू केला होता. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, लोक चर्चमध्ये आणि चर्चच कोसळली. देव असं कसं करेल, यावर सगळा युरोप भांडला. शहर पुन्हा उभारणाऱ्या पोंबालने १७५९ मध्ये जेझुइटांना देशाबाहेर काढलं आणि त्याची झळ गोव्यातल्या त्यांच्या मठांना, कॉलेजांना लागली. वर्गात कुणी जांभई दिली नाही.

अभ्यासिका_कोपरा (दुपारी ३:२०)

ही दोन परिच्छेदांची रीत कामाची आहे. मैत्रिणीला पाठवतो, तिचा तो विषय अजून निघायचाय.

हडसनकाठ (रात्री ८:१५)

फॉर्मकडे परत येते. पिंपळपान, १ ते ५ च्या आकड्यांवर फार विश्वास ठेवू नकोस. २०१५ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या एका विद्यापीठातला अभ्यास प्रसिद्ध झाला होता. ऑनलाइन कोर्सच्या दोन शिक्षकांनी, एक बाई आणि एक पुरुष, प्रत्येकी एका तुकडीला आपल्या नावाने आणि दुसऱ्या तुकडीला एकमेकांच्या नावाने शिकवलं. विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष शिकवणारं कुणीही असो, ज्याला ते पुरुष समजत होते त्याला जास्त गुण दिले. कागद तपासून परत द्यायला दोघांनी सारखाच वेळ घेतला, तरी तत्परतेचे गुणही 'सरांना' जास्त.

तुझ्या वर्गात जे तक्रार करतात ते 'मॅडम शिस्त लावत नाहीत', 'मॅडम विषय सोडून बोलतात' असं म्हणतात का? हेच एखाद्या सरांनी केलं असतं तर 'सर फार वेगळे आहेत' म्हणाले असते का? विचारून बघ.

म्हणून वाक्यं लिही. 'इतर सूचना'चा रकाना असेल तर तो भर.

तासिका_तत्त्व (रात्री ८:४०)

हडसनकाठ, अनुमोदन, शंभरदा अनुमोदन. मला गेल्या वेळी 'आवाज बारीक आहे' असा शेरा मिळालाय. माइक बंद होता वर्गातला.

आणि पिंपळपान, तक्रार लिहायला घाबरू नकोस. तिच्यासोबत कारण लिही, एवढंच. 'इंग्रजी कागद घरी वाचता येत नाहीत, मराठी हवे' असं लिहिलंस तर मला शिक्षक म्हणून त्याचा उपयोग आहे. '२' या आकड्याचा काही नाही.

जुना_मास्तर (रात्री ९:०५)

मराठीचं म्हणशील तर विश्वकोश नेटवर फुकट आहे. फ्रेंच राज्यक्रांती, बिस्मार्क, व्हिएन्ना परिषद, सगळ्यांवर नोंदी मिळतील आणि टिपेला लागणारा सांगाडा त्यात तयार असतो. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ग्रंथनिर्मिती मंडळाची जुनी पुस्तकंही शोध, धुळीत पडलेली असतात.

पिंपळपान (गुरुवार, रात्री १०:३०)

आज फॉर्म भरला. सगळ्यांचे मनापासून आभार, आणि पंतांचेही, कारण त्यांच्यामुळेच वसई ते वळिवडे एवढं सगळं आलं.

'अभ्यासक्रम पूर्ण केला का' याला २ दिले, कारण पूर्ण झालेला नाही. 'विषयाची गोडी लावली का' याला ५. सूचनांच्या रकान्यात लिहिलं: कागद मराठीत आणि आदल्या दिवशी मिळावेत, झेरॉक्सचा खर्च कॉलेजने द्यावा, प्रत्येक युनिटला किती तास हे सुरुवातीला फळ्यावर लिहावं आणि मॅडमना पुढच्या वर्षीही हाच पेपर द्यावा. शेवटची ओळ मोठ्या अक्षरात लिहिली.

दुपारी मॅडमना वळिवड्याचं सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि महायुद्धाचा तास तिथून सुरू करते म्हणाल्या. आम्ही चौघी तक्रारवह्यांची पानं मराठीत करायला बसलोय. मिठाच्या कराचं पान झालं. आठ वर्षांवरच्या प्रत्येक माणसामागे ठरलेलं मीठ सरकारी भावाने घ्यायचंच, लागो न लागो! आमच्यातली एक वेंगुर्ल्याची आहे, तिने तिथेच थांबवलं आणि १९३० चा शिरोड्याचा मिठाचा सत्याग्रह सांगत बसली.

रशियन राज्यक्रांती आणि पहिलं महायुद्ध मात्र अजून कोरंच आहे. परीक्षा पुढच्या महिन्यात.

जुना_मास्तर (रात्री १०:४५)

रविवारी ऑनलाइन बसू या. ज्याला यायचं त्याने यावं, पैसे नाहीत. १९१४ ते १९१९ एका बैठकीत, रशिया दुसऱ्या बैठकीत. रशियाच्या तारखांची गडबड आधीच सांगून ठेवतो: 'ऑक्टोबर क्रांती' ७ नोव्हेंबर १९१७ ला झाली, कारण रशियाचं जुनं पंचांग १३ दिवस मागे होतं, त्यांच्या हिशेबाने ती २५ ऑक्टोबर. दोन्ही तारखा लिहा म्हणजे कुणी चूक धरणार नाही.

अभ्यासिका_कोपरा (रात्री १०:५२)

मास्तर, मीही येऊ का? व्हर्सायच्या तहापाशी माझं नेहमी अडतं. माझ्या अभ्यासिकेतले आणखी तिघे आहेत.

जुना_मास्तर (रात्री १०:५८)

या की. सकाळी दहाला. नकाशाचं पुस्तक जवळ ठेवा, १९१४ चा आणि १९१९ चा युरोप शेजारी शेजारी लागेल.